कोणाच्याही परवानगीशिवाय

साळवे, तुम्हाला आज पहिल्यांदाच अहो-जाहो करतोय. तुम्ही माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, तरी इतकी वर्षं मी तुम्हाला अरे-तुरेच केलं. मी शाळेतला विज्ञानशिक्षक आणि तुम्ही प्रयोगशाळेतले शिपाई, कागदावर ‘परिचर’; मग असंच चालायचं, हे सगळ्यांनी धरलेलं होतं आणि सगळ्यांत जास्त मी. तुम्ही मला ‘शेटे सर’ म्हणायचात. लॅबमध्ये दोघंच असलो तरी सर, तुमच्या अंगणात तुमच्याच बाजेवर मी पाय पसरून बसलो असलो तरी सर. आता तुम्ही गेल्यावर मला तुमचा मान ठेवायचं सुचतंय, यावरूनच मी कसला माणूस आहे ते कळतं. पण ‘अरे साळवे’ असं लिहायला हात धजत नाही.

तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले. जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, मागे कोण, हे सगळं शाळेने काढलेल्या पत्रकात आलंय. त्यात एका अक्षराची चूक नाही, कारण ते पत्रक मीच तपासलं. त्यात जे नाही ते इथे लिहायचंय. ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही, अशी माझी परवापर्यंत समजूत होती.

नगरच्या जुन्या बाजारातून तुम्ही तो दोन भिंगांचा कॅमेरा आणलात तेव्हा मी हसलो होतो. मान खाली घालून वरून बघायचा, जड, कातडी म्यान फाटलेलं. उजेड मोजायची त्यात काही सोय नव्हती. आपल्या शिरूरच्या स्टुडिओत मोठे दिवे होते, मागच्या पडद्यावर तळं आणि हंस होते. तुमच्याकडे अंगण होतं, चुन्याची भिंत होती आणि ऊन होतं. ते ऊन सकाळी एक, दुपारी एक, आणि ढग आला की तिसरंच.

तरी तुमच्याकडे लोक यायचे. दसरा झाला की आपल्याकडून ट्रक भरभरून माणसं ऊसतोडीला जातात. कोणी कड्याच्या कारखान्यावर, कोणी पार कर्नाटकात. मागे राहतात ती म्हातारी. टोळी जायच्या आधी त्यांचा एक फोटो काढून ठेवायची रीत तुमच्या वस्तीत तुम्हीच पाडलीत. म्हाताऱ्या माणसाला स्टुडिओपर्यंत चालवत नेणं व्हायचं नाही, आणि पोरं परत येईपर्यंत ते राहील याची खात्री नसायची. एका वर्षी तुम्ही अकरा जणांचे फोटो काढलेत आणि त्यातले सात नुसते पांढरे आले, नाक-डोळे काही नाही. त्या सातांत तुमची चुलती होती. ती माघात गेली. चैत्रात तिचा मुलगा टोळीबरोबर परत आला आणि त्याने फोटो मागितला. तुम्ही त्याला काय सांगितलंत ते मला माहीत नाही. मला एवढंच आठवतं की त्या आठवड्यात लॅबमध्ये बीकर पुसता पुसता तुम्ही विचारलंत, “सर, उजेड मोजता येतो का हो?”

मला असा प्रश्न कोणी विचारला की काय होतं ते तुम्हाला माहीतच होतं. वर्गातली पोरं जांभया देत बसायची आणि इथे एक जण आपणहून विचारतोय. मी फळ्यावर आकृती काढली. माझा उन्हावर चालणारा कॅल्क्युलेटर होता, पुण्याच्या मेव्हण्याने दिलेला. त्याची बटणं बसली होती, म्हणून तो ड्रॉवरमध्ये पडून होता. मी त्याच्यावरची तपकिरी काचेची पट्टी उचकटून काढली आणि सांगितलं की हिच्यावर उजेड पडला की थोडी वीज तयार होते, जास्त उजेड तर जास्त वीज. तुम्ही कपाटातून गॅल्व्हानोमीटर काढलात. वीज किती वाहते ते काट्याने दाखवणारी ती काळी डबी. मधे शून्य, दोन्हीकडे तीस तीस घरं. दोन तारा जोडून तुम्ही पट्टी खिडकीपाशी नेलीत आणि काटा सरकला. तुम्ही पट्टीवर हात धरलात, काटा परत शून्यावर. हात काढलात, पुन्हा बारा घरं. असं तुम्ही किती वेळा केलंत ते मी मोजलं नाही, पण मधली सुट्टी संपल्याची घंटा आपल्या दोघांनाही ऐकू आली नाही.

आपल्याकडे चार गॅल्व्हानोमीटर होते आणि प्रात्यक्षिकाला तीन पुरायचे. मी म्हणालो, “हा घरी घेऊन जा. इथं कपाटात नुसता पडून आहे.”

तुम्ही म्हणालात, “कुठं लिहून ठिऊ का, सर?”

मी म्हणालो, “मी आहे ना.”

हे तीन शब्द मी विसरलो असतो तर बरं झालं असतं. पण ते मला माझ्याच आवाजात ऐकू येतात.

मग आपले ते रविवार. भर उन्हात काटा शेवटच्या घरावर आपटायचा, म्हणून तुम्ही फिल्मच्या काळ्या कागदाला बारीक भोक पाडून पट्टीवर बसवलंत आणि त्याला ‘उन्हाची टोपी’ म्हणायला लागलात. पण काटा अमुक घरावर आला तर कॅमेऱ्यात काय लावायचं, हे कोण सांगणार? ते आपणच करून बघायचं ठरवलं. तुमच्या पत्नीला, शांताबाईंना, चुन्याच्या भिंतीपुढे स्टुलावर बसवायचं, मांडीवर पाटी, पाटीवर खडूने आकडा. एक फोटो एका मापाने, दुसरा दुसऱ्या मापाने, असे एका रोलवर बारा. काट्याची घरं तुम्ही वहीत लिहायचात. दुपारी मागच्या खोलीच्या दाराला घोंगडी लावून फिल्म धुवायची, आणि ओल्या फिल्मवर आपण दोघं डोकं लावून भांडायचो की पाच नंबर बरा की सहा. कागदावर फोटो छापताना लावायच्या लाल दिव्याचीही आपण परीक्षा घेतली होती. फोटोच्या कागदावर नाणं ठेवून तो दिव्याखाली दहा मिनिटं धरला आणि नाण्याचा पांढरा गोल उमटला, म्हणजे दिवा खोटा, कागदाला त्याचाही उजेड लागत होता. तुम्ही त्याच्यावर लाल कागदाचा आणखी एक पदर चढवलात. शांताबाई म्हणायच्या की माझे एवढे फोटो काढले आणि भिंतीवर लावायजोगा एक नाही, सगळ्यांत मी कैद्यासारखी नंबर घेऊन बसलेली.

त्या रविवारांसारखे रविवार मला परत मिळाले नाहीत, हे आधी कबूल करतो. मी वाण्याच्या घरातला, दुकान सोडून मास्तर झालेला. घरच्यांच्या लेखी मी वाया गेलेला आणि शाळेत आगाऊ. तुमच्या अंगणात मला माझं शिक्षण पहिल्यांदा उपयोगाला आल्यासारखं वाटलं. तुमच्याकडे मी चहा प्यायचो, शांताबाई करायच्या त्या तिखट भाकरीचा तुकडा खायचो, आणि घरी जाऊन आईला सांगायचो की शाळेत काम होतं. आई जुन्या वळणाची, तिला चालणार नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. तुम्ही एकदा विचारलंत, “आईला सांगितलं का, हितं येता ते?” मी विषय बदलला. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत.

आपलं खरं भांडण एकच होतं आणि ते मिटलंच नाही. तुमचं म्हणणं, मीटर माणसाच्या तोंडापाशी न्यायचा आणि पट्टी उजेडाकडे करायची. माझं म्हणणं, कॅमेऱ्यापाशी उभं राहून पट्टी माणसाकडे करायची, कारण कॅमेऱ्यात जातो तो माणसावरून परतलेला उजेड. मी वाचलेल्या पुस्तकात तसंच होतं. मी बीएस्सी, तुम्ही नववी. तुम्ही म्हणालात, “सर, तसं केलं की काळ्या माणसाला मीटर येक सांगतंय आन गोऱ्याला येक. ऊन तर दोघांवर सारखंच पडतंय की. माणसावर किती पडलंय ते मोजावं. माणूस कसा हाय ते मीटरनं कशाला सांगायचं?”

मी म्हणालो, “हे भौतिकशास्त्र आहे, साळवे, भाषण नाही.”

तुम्ही हसलात. मीही हसलो. आज ते आठवलं की कान गरम होतात. तुमचंच बरोबर होतं आणि भौतिकशास्त्रानेही तुमचंच बरोबर होतं. कपिलधारच्या सहलीत तुम्ही ती पट्टी पातळ पिशवीत गुंडाळून धबधब्याच्या तुषारांत शिरलात, प्रत्येक पोराच्या गालाशी धरलीत आणि काठावर मी ‘भिजवशील रे’ म्हणून ओरडत राहिलो. ते फोटो इतके चांगले आले की पोरांच्या पापण्यांवरचं पाणी दिसत होतं. मी म्हणालो, नशीब.

त्याच वर्षी दहावीच्या वर्गाचा ग्रुप फोटो आपण काढायचा ठरला. स्टुडिओवाला नको, आपलीच माणसं आहेत, असं मी मोठ्या तोऱ्यात हेडसरांना सांगून आलो. कॅमेरा तुमचा, पण मैदानावर सगळ्या शाळेपुढे मीटर मी हातात घेतला. तुम्ही हळूच म्हणालात की पोरांजवळ जाऊन मोजा. मी गेलो नाही. कॅमेऱ्यापाशी उभा राहून साठ पांढऱ्या सदऱ्यांकडे पट्टी केली, काटा भराभर चढला, आणि उजेड फार आहे असं समजून मी भिंगाचं तोंड बारीक करायला लावलं. फोटोत सदरे आले, पोरं आली नाहीत. कॉलरींच्या वर नुसते काळे ठिपके. हेडसरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “औषध जुनं झालं असावं.” फिल्म धुवायचं औषध तुम्ही कालवायचात, हे त्यांना ठाऊक होतं. तुम्ही तेव्हा पाण्याचे ग्लास घेऊन तिथेच उभे होतात. शाळा सुटल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, “औषध परवाच कालवलतं, सर.” आणि सायकल काढलीत.

मला तिथेच समजायला हवं होतं की मी कुठल्या जातीचा प्राणी आहे. एकदा एखाद्याच्या अंगावर ढकललं आणि त्याने ते गुपचूप घेतलं, की दुसऱ्यांदा हात कचरत नाही.

ते हेडसर निवृत्त झाले आणि नवे आले. चार्ज देता-घेता साठ्याची तपासणी निघाली. दरवर्षी मी वहीत ‘सर्व वस्तू हजर’ असं लिहून सही करायचो, कपाट न उघडता. नव्या हेडसरांनी कपाट उघडलं आणि मोजलं. गॅल्व्हानोमीटर तीन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तुम्हाला हाक मारली. तुम्ही आलात आणि सरळ म्हणालात, “घरी हाय, सर. आत्ता आणतो.”

“घरी? कोणी सांगितलं घरी न्यायला?”

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, साळवे. तुम्ही बघितलं असतं तर कदाचित, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलंय, पण ते खोटं आहे. तुम्ही खाली फरशीकडे बघत उभे राहिलात आणि मला बोलायला वेळ दिलात. चांगला वेळ दिलात. बाहेर मुलींचा कवायतीचा तास चालला होता, त्यांचे आकडे ऐकू येत होते. मी साठ्याच्या वहीची पानं उलटत होतो, जसं काही गॅल्व्हानोमीटर तिथे सापडणार होता. मग तुम्ही म्हणालात, “माजी चूक झाली.”

आता कारणं लिहितो, म्हणजे मला ती मागाहून सजवता येणार नाहीत. पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती आणि शिफारस हेडसरांची लागणार होती. वहीत माझ्या खोट्या सह्या होत्या. आणि तिसरं, सगळ्यांत वाईट, मला त्या क्षणी खरंच वाटलं की तुमचं काय जाणार आहे. शिपायाला बोलणी खायची सवय असते, मला नाही. असं वाटलं, आणि ते वाटून मला बरंही वाटलं.

हेडसरांनी लेखी माफीनामा मागितला. दुपारी तुम्ही लॅबमध्ये आलात आणि कोरा कागद माझ्यापुढे ठेवलात. म्हणालात, “तुमीच सांगा, सर. तुमचं मराठी चांगलं हाय.” आपल्याकडे हे नेहमीचंच होतं, शिपायांचे रजेचे अर्ज, कर्जाचे अर्ज, सगळे मी सांगायचो आणि ते लिहायचे. तुम्ही त्या दिवशी मला आणखी एकदा संधी देत होता की खरंच तुम्हाला मजकूर हवा होता, हे मी ठरवू शकलेलो नाही. मी सांगायला लागलो आणि तुम्ही तुमच्या त्या गोल अक्षरात लिहायला लागलात. ‘मी शाळेच्या प्रयोगशाळेतील गॅल्व्हानोमीटर कोणाच्याही परवानगीशिवाय घरी नेला.’ तुमचं पेन ‘कोणाच्याही’पाशी थांबलं.

“कोनाच्याबी, असंच लिहायचं का, सर?”

“हो,” मी म्हणालो. “तसंच लिहितात.”

तुम्ही लिहिलंत. वर मी तुमची एक वेलांटीही दुरुस्त केली.

तो माफीनामा शिक्षकसभेत वाचला गेला. लॅबच्या किल्ल्या तुमच्याकडून घेतल्या आणि तुम्हाला घंटा, फाटक आणि पाण्याची टाकी दिली. गॅल्व्हानोमीटर कपाटात परत आला. तुम्ही लावलेल्या तारा मी कापून टाकल्या. पुढे शाळेत जे हरवेल ते तुमच्या नावावर जायला लागलं. एकदा लोलक दिसेना, एकदा शिवणाच्या वर्गातली कात्री. लोलक माझ्याच टेबलाच्या खणात निघाला, तोवर गावात बोलून झालं होतं. तुमची संगीता तेव्हा सातवीत होती, आमच्याच शाळेत. पोरी तिच्यासमोर दप्तरं छातीशी धरायला लागल्या. हे मी बघितलंय. पर्यवेक्षक झालो होतो ना, वऱ्हांड्यातून फेऱ्या मारणं हेच माझं काम होतं.

मी तुमच्याकडे यायचं बंद केलं. तुम्ही फोटो बंद केले नाहीत. मीटर नसताना कसे काढता, असं मला वाटायचं, पण विचारायचं तोंड नव्हतं. ते मला आमच्या घरात कळलं. आई अंथरुणाला खिळली होती, दिवस मोजके राहिले होते. तिचा चांगला फोटो एकही नव्हता. बीडहून रंगीत फोटोवाला आणता आला असता. एव्हाना नव्या कॅमेऱ्यांना बटणच दाबायचं उरलं होतं. पण आईला डोळ्यांवर दिव्याची झगमग सोसत नव्हती. मी फाटकाशी येऊन तुम्हाला विचारलं. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी आलात, चपला बाहेर काढून, म्यान बगलेत घेऊन.

तुम्ही खिडकीचं एक दार उघडलंत, दुसरं अर्धं लावलंत. मग आईच्या गालाजवळ आपला तळवा नेलात, शिवला नाही, चार बोटं लांब धरला, खिडकीकडे करून. थोडा वेळ तळव्याकडेच बघितलंत आणि स्वतःशी म्हणालात, “सा घरं.” वर्षानुवर्षं वहीत लिहून लिहून काटा तुमच्या हातात उतरला होता. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला तिथून निघून जावंसं वाटलं.

आई म्हणाली, “तू साळवे का? याच्याबरोबर रविवारी फोटोचं काय काय करायचास तो?”

तिला सगळं माहीत होतं. तिने मला चहा ठेवायला सांगितला आणि म्हणाली, घरातल्या कपात दे. आईचं नाव सांगून इतकी वर्षं मी जे पाळत होतो ते माझं मीच पाळत होतो. तुम्ही चहा घेतलात, साखर जास्त झाली म्हणालात. तिचा तो फोटो आमच्या देवघराच्या बाजूला आहे. कपाळावरची विभूती, सुरकुत्या, डोळ्यांतलं हसू, सगळं जसंच्या तसं. तिचा रंग होता तेवढाच आहे, ना उजळ ना काळा. साळवे, त्या फोटोसाठी मी तुमचा किती ऋणी आहे, हे त्या दिवशी तरी म्हणायचं होतं. मी तुम्हाला दारापर्यंत सोडायला आलो आणि म्हणालो, “ऊन फार झालंय, सांभाळून जा.”

नंतर एकदा बसस्टँडवर मी जवळजवळ बोललो होतो. तुम्ही बीडला निघाला होता, दवाखान्यात. मी म्हणालो, “साळवे, ते मीटरचं…” आणि तुम्ही म्हणालात, “एष्टी आली, सर.” एसटी खरंच आली होती. पण ती दहा मिनिटं उभी राहिली, तुम्ही खिडकीत बसला होता आणि मी खाली. आपण दोघंही समोरच्या एसटीडी बूथच्या पाटीकडे बघत होतो. तुम्ही मला वाचवलंत की मला माफ करायचं नाकारलंत, हे विचारायचं राहिलं. दोन्ही असेल.

परवा तुमच्या अंगणात जलदानविधी झाला. चुन्याच्या भिंतीपाशी तुमचा फोटो ठेवला होता, कोणीतरी स्टुडिओत काढलेला, तुमच्यासारखा न दिसणारा. भन्तेजींची वंदना झाली. मग आठवणी सांगायला माईक फिरला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. शाळेतले झाडून सगळे होते, वस्ती होती, निवृत्त हेडसरसुद्धा आले होते. मी सात-आठ मिनिटं बोललो. तुमचा कष्टाळूपणा, तुमचा हात, कपिलधारचा धबधबा, माझ्या आईचा फोटो. ‘प्रामाणिक’ हा शब्द मी निदान चार वेळा वापरला. लोकांनी डोळे पुसले. मीही पुसले. खाली बसल्यावर शेजारच्याने माझ्या मांडीवर थोपटलं, आणि मला, सांगायलाही लाज वाटते, चांगलं बोललो असं वाटलं.

निघताना मी ढिगात चपला शोधत होतो. संगीता जेवणाची रिकामी ताटं घेऊन तिथे आली. ती आता बीडला नर्सिंग शिकते. मी तिला दहावीला शिकवलंय, हुशार मुलगी. तिने ताटं खाली ठेवली नाहीत.

“सर, एक इचारू? बाबांनी ते मीटर तुमाला सांगून नेलतं का न्हाई?”

मी आजूबाजूला बघितलं. जवळ कोणी नव्हतं. कोणी नव्हतं म्हणूनच बहुधा माझ्या तोंडून निघालं, “मीच दिलं होतं, बाळ.”

तिने हातातली ताटं सारखी केली. मग म्हणाली, “बाबा घरी तसंच सांगायचे. आईला पटायचं. मला कधीच पटलं न्हाई. मला वाटायचं, शेटे सर असं करनार न्हाईत, बाबाच खोटं बोलत असतील. शेवटापोतर मला तसंच वाटत हुतं.”

साळवे, माझ्यामुळे तुमची लॅब गेली, किल्ल्या गेल्या, गावात नाव गेलं, हे मी धरून होतो. पण तुमच्या मुलीने तुमच्यापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला आणि तो ठेवूनच ती तुमच्या उशाशी बसली, हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही तिला माझ्याच वर्गात शिकायला पाठवत राहिलात.

“मग मघाशी समदे बसले हुते तवा कावून न्हाई सांगितलं?” ती म्हणाली.

मी म्हणालो, “उद्या सांगतो. शाळेत सगळ्यांना बोलावून सांगतो.”

“उद्या कोन येनार हाय, सर?”

एवढं म्हणून ती ताटं घेऊन आत गेली.

म्हणून हे आपल्या तालुक्याच्या साप्ताहिकाला देतोय. स्मृतिलेख द्या म्हणून त्यांचाच निरोप आला होता. त्यांना हवा तसा हा नाही, पण एक शब्द कापला तरी छापू नका असं मी बजावलंय. वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की उत्तम साळवे यांनी शाळेचा गॅल्व्हानोमीटर परवानगी घेऊन घरी नेला होता. परवानगी मी दिली होती. विचारलं तेव्हा मी गप्प बसलो, आणि नंतर खोटा माफीनामा शब्दाशब्दाने सांगून त्यांच्या हातून लिहून घेतला. संगीता, तुझे बाबा खरं बोलत होते.